सर्वाधिक पॅकेज राहू द्या, मधल्या मुलाचा पगार छापा

महाराष्ट्रातल्या खासगी आणि अभिमत विद्यापीठांतल्या जनसंवाद, जनसंपर्क व कॉर्पोरेट कम्युनिकेशन विभागांचे संचालक, विभागप्रमुख आणि प्लेसमेंट अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मुंबईतल्या एका मध्यम आकाराच्या पीआर, म्हणजे जनसंपर्काच्या, एजन्सीत काम करते. नव्या मुलामुलींना निवडण्याचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे दर उन्हाळ्यात तुमचे विद्यार्थी माझ्यासमोर बसतात आणि तुमची माहितीपुस्तकंही माझ्या टेबलावर येऊन पडतात. हे पत्र त्या माहितीपुस्तकांमधल्या एकाच पानाबद्दल आहे. वर ठळक अक्षरांत ‘सर्वाधिक पॅकेज’, खाली कंपन्यांच्या लोगोंची रांग, कडेला ब्लेझर घातलेले दोन-तीन हसरे चेहरे. त्या वर्षी बॅचमध्ये किती जण होते, त्यांतल्या कितींना नोकरी लागली, कसली लागली आणि पगाराच्या रांगेत बरोबर मध्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला किती मिळाले, यातलं त्या पानावर काहीच नसतं.

इतर शाखांच्या माहितीपुस्तकांतही हेच असतं, हे मला ठाऊक आहे. तरी तक्रार तुमच्याकडे घेऊन आले, कारण लोकांपुढे माहिती कशी मांडावी आणि कशी मांडू नये, याचीच तर पदवी तुम्ही देता.

जाहिरातीच्या पेपरात तुम्ही अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल, म्हणजे एएससीआय, शिकवता. १९८५ साली स्थापन झालेल्या या स्वनियमन संस्थेची शिक्षणसंस्थांच्या जाहिरातींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पुरावा नसेल तर नोकरीची हमी देऊ नका. किती जणांना नोकरी लागली हे सांगत असाल, तर त्या वर्गातून एकूण किती जण बाहेर पडले तेही सांगा. मागच्या वर्षी नोकऱ्या लागल्या म्हणून पुढच्या वर्षी लागतीलच असं नाही, हे वाचता येईल अशा अक्षरांत छापा. यावर तुमच्याकडे पाच मार्कांची टीप येत असेल. उत्तर लिहिणारी मुलं ज्या माहितीपुस्तकावर विसंबून तुमच्याकडे आली, ते मात्र त्या पेपरात नापास होईल.

दुसरं उदाहरण आमच्या धंद्यातलं आहे. बातमी जेवढ्या कॉलम सेंटिमीटरमध्ये छापून येईल, तेवढ्या जागेला जाहिरातीचा दर लावायचा आणि क्लायंटला सांगायचं, बघा, तुम्हाला इतक्या लाखांची प्रसिद्धी मिळाली. याला एव्हीई म्हणतात. २०१० साली बार्सिलोनात जनसंपर्काचं मोजमाप करणारी मंडळी जमली आणि एव्हीई हे जनसंपर्काचं मूल्य नव्हे, असं तिथे ठरलं. काही क्लायंट तरीही तो आकडा मागतात आणि एजन्स्या देतात, ती आमची लाज. पण तुमचे प्राध्यापक वर्गात बार्सिलोनाची तत्त्वं समजावून सांगतात आणि खालच्या मजल्यावर प्रवेश विभाग ‘सर्वाधिक पॅकेज’चं बॅनर लावतो. ते पॅकेज एव्हीईच्याच जातीचं आहे. आकडा दिसायला मोठा, आणि ज्याला निर्णय घ्यायचाय त्याच्या उपयोगाचा नाही.

आता हिशेब मांडते. माझ्या माहितीतल्या मुंबई-पुण्याच्या एजन्स्यांत नवख्या अकाउंट एक्झिक्युटिव्हला वर्षाला साधारण तीन ते साडेचार लाखांचं सीटीसी (कंपनी एका माणसावर करते तो सगळा खर्च) मिळतं. आपण ३,६०,००० धरू. महिन्याचे ३०,००० झाले. पण त्यात कंपनीने भरायचा पीएफ असतो, १,८०० रुपये. ग्रॅच्युइटीचा वाटा असतो; मूळ वेतन १५,००० असेल तर तो सातशेच्या आसपास जातो. मग मुलीच्या स्वतःच्या पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० कापले जातात. खात्यावर साधारण साडेपंचवीस हजार जमा होतात. ज्या कंपन्या विम्याचा हप्ताही सीटीसीत घालतात, तिथे आणखी थोडे कमी.

तुमच्यापैकी अनेकांच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची फी दहा लाखांच्या पुढे आहे. मी दहाच धरते, आणि राहण्याजेवणाचा खर्च घरच्यांनी केला असं समजते. पहिल्या वर्षी पाच लाख, दुसऱ्या वर्षी पाच लाख असं कर्ज उचललं. व्याजदर साडेदहा टक्के. शिक्षण संपेपर्यंत आणि पुढे एक वर्ष हप्ता नाही, पण व्याजाचं मीटर चालूच असतं. सरळव्याजाने ते २,६२,५०० होतं. म्हणजे हप्ते सुरू होताना मुद्दल झालं १२,६२,५००. दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला १७,००० रुपये, आणि शेवटचा हप्ता भरेपर्यंत एकूण साडेवीस लाखांच्या जवळपास. व्याजावर प्राप्तिकरात सवलत आहे, असं तुमचे समुपदेशक पालकांना आवर्जून सांगतात. ज्या मुलीला या पगारावर करच भरावा लागत नाही, तिने ती सवलत कुठे वापरायची?

साडेपंचवीसमधून सतरा गेले, उरले साडेआठ हजार. अंधेरी-जोगेश्वरीकडे तिघींच्या खोलीतली एक कॉटसुद्धा एवढ्यात मिळत नाही. मग नोकरी लागूनही दर महिन्याला गावाकडून पैसे मागवावे लागतात. ज्या बापाने कर्जावर सहकर्जदार म्हणून सही केलेली असते, त्याच्याकडूनच. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात, म्हणजे बऱ्याचदा घराचे किंवा प्लॉटचे कागदही बँकेतच पडून असतात.

हिशेबात आणखी एक रक्कम आहे, ती कुणीच लिहीत नाही. तीच मुलगी बीए किंवा बीकॉम होऊन सरळ एखाद्या लहान एजन्सीत वीस हजारांवर लागली असती, तर त्या दोन वर्षांत तिने चार लाख ऐंशी हजार कमावले असते आणि तुमची बॅच बाहेर पडायच्या सुमारास ती सीनियर एक्झिक्युटिव्ह झाली असती. आमच्याकडे असे लोक आहेत. कुणी इतिहासाचा पदवीधर, कुणी अर्धवट सोडलेलं इंजिनीअरिंग पुढे पूर्ण केलेला, कुणी जिल्हा आवृत्तीत बातमीदारी करून आलेला. वकिलाला सनद लागते, सीएला परीक्षा पास व्हावी लागते. पीआरच्या दारावर असा कुठलाही पहारेकरी नाही. टाटांनी मुंबईत १९४३ साली जनसंपर्क विभाग काढला, पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ साली झाली. तुमचे महागडे अभ्यासक्रम आले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. तोवर हा व्यवसाय उत्तम लिहिणाऱ्या, माणसं जोडणाऱ्या आणि वर्तमानपत्र पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्या लोकांनी चालवला.

एजन्स्या नवख्यांना एवढं कमी का देतात, हा प्रश्न रास्त आहे आणि तो मी टाळणार नाही. एजन्सीचं उत्पन्न रिटेनरवर चालतं. क्लायंट महिन्याला ठरलेली रक्कम देतो, ती वर्षानुवर्षं तेवढीच ठेवायला बघतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी शेजारची एजन्सी दहा टक्के कमीत यायला तयार असते. आमचा सर्वांत मोठा खर्च म्हणजे पगार. वरच्या अनुभवी माणसांना सोडता येत नाही, म्हणून दाब येतो तो खालच्या पायरीवर. शिवाय खालच्या पायरीवर यायला दरवर्षी रांग असते, आणि ती रांग मोठी करण्यात तुमचाही वाटा आहे. हे चूक आहे असं मला वाटतं. आमच्या लोकांनी नोकरीच्या जाहिरातीत पगार छापायला हवा, हेही मी आमच्या बैठकांत बोलते. पण एजन्सीचा नवखा पगार काही गुपित नाही. प्लेसमेंट अधिकारी म्हणून तुम्ही आम्हाला फोन करता तेव्हा तो तुम्हाला रुपयापर्यंत माहीत असतो.

मागच्या हंगामात साताऱ्याकडची एक मुलगी मुलाखतीला आली होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बीए, मग एका खासगी विद्यापीठाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. आम्ही सगळ्यांना एकच परीक्षा देतो: एका कंपनीची चार ओळींची माहिती, त्यावरून अर्ध्या तासात प्रेसनोट. तिची इंग्रजी नोट ठीक होती, इतर दहा जणांसारखी. पहिल्या वाक्यात कंपनी ‘अग्रगण्य’, तिसऱ्या परिच्छेदात व्यवस्थापकीय संचालकांना ‘अतिशय आनंद’. मग मी म्हटलं, हीच कोल्हापूरच्या पेपरला पाठवायचीय, मराठीत लिही. तिने कागद उलटा केला आणि पहिलं वाक्य लिहिलं ते हातकणंगले तालुक्यातल्या किती जणांना काम मिळणार याचं. कंपनीचं नाव दुसऱ्या वाक्यात आलं. कुठल्याही उपसंपादकाने ती नोट फारशी न कापता लावली असती. मी विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, कॉलेजात मराठीत लिहायला कुणी सांगितलंच नाही, घरी आजोबांना रोज पेपर वाचून दाखवायचे. अपेक्षित पगाराची चौकट तिने फॉर्मवर रिकामी ठेवली होती. विचारल्यावर एवढंच म्हणाली, ‘मॅडम, हप्ता सतरा हजारांचा बसणारे.’

आमच्याकडे त्या जागेचा पगार ठरलेला होता. तिने नोकरी घेतली.

मला राग आला तो तिच्या मराठी नोटमुळे. मुंबईतल्या एजन्स्यांना जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मराठी पत्रकारांशी बोलू शकणारी, मराठीत नोट लिहू शकणारी माणसं सतत लागतात, आणि ती मिळत नाहीत म्हणून इंग्रजी नोटचं कसंबसं भाषांतर करून पाठवलं जातं. ते संपादकांच्या टोपलीत जातं. म्हणजे जे कौशल्य बाजारात कमी आहे आणि तुमच्या अर्ध्या वर्गाकडे घरातूनच आलेलं आहे, त्याच्यावर दहा लाखांच्या अभ्यासक्रमात एक तासही खर्च होत नाही.

तुमच्याकडून आलेल्या मुलांना पहिलं वर्षभर काय काम असतं, तेही एकदा सांगून टाकते. सकाळी साडेसातपासून पेपर चाळायचे, क्लायंटचं आणि त्याच्या स्पर्धकांचं नाव शोधायचं, कात्रणं नऊच्या आत मेलने पाठवायची. मग मीडिया लिस्ट दुरुस्त करायची, कारण दर महिन्याला कुणीतरी पत्रकार पेपर बदलतो. दुपारी फोन. ‘सर, नोट मिळाली का?’ ‘कसली नोट? परत पाठवा.’ पत्रकार परिषद असेल तर साडेतीनच्या कार्यक्रमाला दोनपासून दारात उभं राहायचं. महिनाअखेरीस कव्हरेजचा अहवाल. हे काम हलकं नाही, त्यातूनच माणूस तयार होतो. पण ते शिकायला फी लागत नाही, उलट त्याचा पगार मिळतो. आता यातली कात्रणं, अहवाल आणि नोटचा पहिला खर्डा यांतलं बरंच काम सॉफ्टवेअर करू लागलंय, त्यामुळे नवख्यांच्या जागा वाढतील अशी आशा मला तरी नाही.

आणि चौथ्या सत्रात मुलं आमच्याकडे इंटर्न म्हणून पूर्णवेळ काम करतात, तेव्हा त्यांना शिकवतो आम्ही, थोडासा स्टायपेंडही देतो. त्या सत्राची फी मात्र तुम्ही पूर्ण घेता. कशाची?

तुमची बाजू मला माहीत आहे. कॅम्पस, माजी विद्यार्थ्यांची ओळख, मोठ्या कंपन्यांची दारं, इंग्रजीत चारचौघांत बोलण्याचा धीर. यातलं काही नक्कीच खरं आहे. काही बड्या एजन्स्या आणि कंपन्यांचे कॉर्पोरेट कम्युनिकेशन विभाग मोजक्याच संस्थांमध्ये निवडीला जातात, आणि तिथे सुरुवातीचा पगार आमच्यापेक्षा चांगला असतो. या क्षेत्रात पुढे पैसा आहे हेही खरं. बँकिंग किंवा औषधनिर्मिती असं एखादं क्षेत्र आतून कळणारा, संकटाच्या दिवशी डोकं थंड ठेवणारा माणूस आठ-दहा वर्षांत बऱ्यापैकी पगारावर जातो. फक्त तोवर त्याची पदवी कुठली, हे कुणी विचारत नाही. आणि ज्या संस्थेची दारं खरोखर उघडतात, तिला मध्यक पगार, म्हणजे रांगेतल्या मधल्या विद्यार्थ्याचा पगार, छापायला अडचण का यावी? तिचा तर फायदाच आहे.

जिथे पदवीचा कागद लागतोच, तिथे तो महागच असावा अशी अट नसते. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातली अधिकारीपदं लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. महामंडळं, महापालिका जनसंपर्क अधिकारी नेमतात. त्यांना पत्रकारितेची किंवा जनसंवादाची मान्यताप्राप्त पदवी अथवा पदविका चालते. ती पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मिळते. मुंबई, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या सार्वजनिक विद्यापीठांत मिळते, तुमच्या फीच्या अगदी छोट्या अंशात. नोकरी करता करता करायच्या पदविका आहेत. चौपाटीच्या भारतीय विद्या भवनात जनसंपर्काचे वर्ग वर्षानुवर्षं चालतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या ठरावीक घटकांतल्या मुलींना फीमाफी मिळाली, पण खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. ‘मुलींना शिक्षण मोफत’ ही बातमी वाचून तुमच्या दारात आलेल्या पालकांना हे प्रवेश अर्ज विकत घेण्याआधी सांगता का?

आकडे नाहीत, अशी सबब देऊ नका. राष्ट्रीय क्रमवारीत, एनआयआरएफमध्ये, भाग घेणारी प्रत्येक संस्था नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांचा मध्यक पगार दरवर्षी भरून देते. गोम अशी की तो सगळ्या विद्याशाखांचा एकत्र असतो. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या त्या एका आकड्यात तुमचा जनसंवाद विभाग व्यवस्थापनाच्या विभागामागे सुखाने लपतो. पण एकत्र आकडा काढायला आधी विभागवार आकडे गोळा करावेच लागतात, म्हणजे ते तुमच्या संगणकात आहेत. आयआयएम अहमदाबादने प्लेसमेंट अहवालाची एक प्रमाण पद्धत घालून घेतली आहे: कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी, मध्यक हे सगळं द्यायचं, निश्चित पगार वेगळा दाखवायचा आणि अहवाल बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यायचा. फीच्या बाबतीत तुम्ही मॅनेजमेंट संस्थांचा कित्ता गिरवलातच, तर हाही गिरवा. कोचिंग क्लासवाल्यांच्या जाहिरातींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम घालून दिले. तुमच्यावर तशी वेळ येण्याची वाट कशाला पाहायची?

माझी मागणी एका पानाची आहे. येत्या प्रवेशफेरीच्या माहितीपुस्तकात, त्या ब्लेझरवाल्या फोटोंच्या जागी, मागच्या तीन बॅचचा हिशेब द्या. किती जणांनी प्रवेश घेतला, किती उत्तीर्ण झाले, किती जणांनी तुमच्यामार्फत नोकरी मागितली आणि कितींना मिळाली. त्यांतल्या किती नोकऱ्या जनसंपर्काच्या होत्या, आणि किती विक्रीच्या, कॉल सेंटरच्या किंवा तुमच्याच विद्यापीठात प्रवेश समुपदेशक म्हणून होत्या. असे बायोडेटा माझ्याकडे येतात म्हणून विचारते. मधल्या विद्यार्थ्याचा आणि सर्वांत कमी पगाराच्या विद्यार्थ्याचा वार्षिक निश्चित पगार, बोनस आणि ‘व्हेरिएबल’, म्हणजे कामगिरीनुसार बदलणारा भाग, वगळून. आणि त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, वसतिगृहासकट दोन वर्षांचा एकूण खर्च.

आमच्या एजन्सीने गेल्या तीन वर्षांत तुमच्यापैकी ज्यांच्या विद्यार्थ्यांना घेतलं, त्यांच्या सुरुवातीच्या पगाराचे आकडे, नावं काढून, त्या त्या विभागाला द्यायची परवानगी मी व्यवस्थापनाकडून घेतली आहे. विभागाच्या लेटरहेडवर मागणी पाठवा, आठवड्याभरात तक्ता पाठवते.

आपली,
एका पीआर एजन्सीत निवडीचं काम पाहणारी,
मुंबई